पेशकारांचं पथ्य

चैत्र वद्य ३, शके १८३४

आजपासून मीठ बंद!

सकाळी चुलीपुढे बसले होते, तोच हे आले. फडताळातली मिठाची बरणी उचलली आणि शेजारच्या केशरबाईच्या ओट्यावर ठेवून आले. म्हणाले, "मीठ म्हणजे रक्ताला वाळवी." आधी तंबाखू गेली, मग पान, मग तेल, मग मिरची. चहाही सोडला — केजमध्ये चहा मिळतो कुठे म्हणा, ते सोडणं सोपं गेलं. आता मीठ. वरणाला चव कशाची आणायची ते पुस्तकात दिलेलं नाही.

थोरले दीर गेले त्याला दीड वर्ष झालं. कचेरीतून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईस्तोवर संपले. सासरे असेच गेले, त्याच वयात. ते वय आता ह्यांचं होत आलं. तेव्हापासून पुण्याहून मागवलेलं ते आरोग्याचं पुस्तक उशाशी असतं, आणि आमच्या घराचा दवाखाना झालाय — औषध तेवढं नसलेला!

ह्यांची भीती मला कळते, म्हणून गप्प बसते. दोन मुलगे मीही घालवले आहेत. नंतर मुलगी झाली तिचं नाव कडू ठेवलं, यमाला तिची गोडी लागू नये म्हणून. ज्याचा त्याचा उपाय.

चैत्र वद्य ८

खांदा भरून आलाय. दारातल्या आडाचं पाणी ह्यांना चालत नाही. अंधारातलं पाणी मेलेलं असतं म्हणे. ऊन-वारा लागलेलं जिवंत पाणी पाहिजे, म्हणजे गावाबाहेरच्या महादेवाच्या बारवेचं! उतरायचं, घागर बुडवायची, पुन्हा त्या उंच पायऱ्या चढायच्या. एक वर्ष हेच चाललंय. आणलेलं पाणी तांब्याच्या घागरीत ठेवायचं, आणि पहाटे उठल्याबरोबर ह्यांनी ते पोटभर प्यायचं. उकळायचं नाही, गाळायचं नाही. त्यानं पाण्याचा जीव जातो.

पाणक्या ठेवा म्हटलं, तर म्हणतात, "घरच्या बाईच्या हातचं पाणीच अंगी लागतं." ह्यांच्या अंगी लागतं, माझ्या खांद्याला लागतं.

कडू आणि मी आडाचंच पितो. ह्यांना माहीत नाही. आणखी खेपा कोण करणार?

चैत्र वद्य १२

हे रोज पहाटे बारवेत कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात, श्वास कोंडून. आज केशरबाई ओटा सारवता सारवता म्हणाली, "सुंदरबाई, तुमचे सायब म्हशीवानी पान्यात उबे ऱ्हातेत! आमच्या घरचे म्हनले, कावून उबे ऱ्हातेत, काई हरवलं का काय?"

तिच्या घरचे म्हणजे आश्रुबा. भला माणूस, पण तोंडाने फटकळ. मी पदर तोंडाला लावून हसले. लई दिवसांनी हसले. घरात आले आणि अळणी भाकरी थापायला बसले.

वैशाख शुद्ध ६

ह्यांच्या घोट्यापाशी गाठ आली आहे. वर फोड. खाज आणि आग.

आणि हे खूश! पुस्तकात लिहिलंय म्हणे, पथ्य लागू पडलं की अंगातलं विष फोडावाटे बाहेर येतं. "दादाच्या अंगातून हे निघालं नाही, म्हणून दादा गेला. माझ्या अंगातून निघतंय!" हे तहसीलदारांचे पेशकार, त्यांच्यापुढे कागद ठेवणारे; कचेरीतल्या सगळ्यांना पाय दाखवून आले.

फोडावर ओल्या मातीचा लेप. माती मी आणायची, मी चाळायची, मी भिजवायची.

वैशाख शुद्ध १२

फोड फुटला. आत पांढरा दोरा दिसतो. हलतो!

दवाखान्याचे डॉक्टर दस्तगीरसाहेब रस्त्याने चालले होते. मीच कडूला पाठवून त्यांना बोलावलं. त्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "पेशकारसाब, हे इष-बिष काई न्हाई. नारू हाय नारू. गेल्या साली पान्यातून पोटात गेला, आंदर वाढला, आता बाहेर निगाला. काडीवर रोज जरा जरा गुंडाळून काढू. वढायचा न्हाई, तुटला तर पाय सडंल. आन देखो, हा पाय बारवेत बिलकूल घालू नका. पान्याला लागला की तो पिल्लं सोडतो. ते पानी जे पितील त्यांना पुढल्या साली हेच. पानी जाड फडक्यातून गाळून प्या, बस."

हे भडकले. "तुमच्या बाटल्यांवाचून माणूस बरा होतोय, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय!" दस्तगीरसाहेब उठले. दारात थांबून मला म्हणाले, "बाई, तुमी तरी..." आणि गेले.

काडीवर गुंडाळायला मात्र हे तयार झाले. विष लवकर निघेल म्हणून!

वैशाख वद्य १

पाय बारवेतच! पाण्यात सोडला की आग थांबते म्हणतात. थांबत असेल. पण —

आड आटला. गेल्या वर्षी पाऊसच नव्हता धड. आता सगळी आळी बारवेवर येते. आज हे खालच्या पायरीवर पाय सोडून बसले होते, आणि हाताच्या अंतरावर केशरबाई घागर बुडवत होती. मी वर उभी.

घरी आल्यावर म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ते निदान आळीत सांगू या." हे ताटावरून उठले. "तहसीलदारसाहेबांनी माझ्याकडून पथ्य लिहून घेतलंय! आणि तू पेशकाराला नारू झाला म्हणून दवंडी पिटणार? एक शब्द जरी बोललीस तर मी अन्न सोडीन."

सोडतीलही. उपास तर पुस्तकातच आहेत.

वैशाख वद्य ४

जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून घेतला. हे कचेरीत गेले की सगळं पाणी गाळते. कडूचं, माझं, आणि ह्यांच्या तांब्याच्या घागरीतलंही. पाण्याचा जीव जाऊ दे, माणसांचा राहू दे! फडकं न्हाणीत आडोशाला वाळत घालते.

केशरबाईला म्हटलं, "पाणी गाळून घेत जा गं." ती हसली. "तुमचं बामनाचं सोवळं, बाई! आमाला कुटं तेवडा वकूत? रानात जायाचं आसतंय."

हे सोवळं नव्हे, असं म्हणायला हवं होतं. नारूचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. पण ह्यांचं उपाशी तोंड डोळ्यांपुढे आलं, आणि दादांना पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं आठवलं. घागर उचलली आणि घरी आले.

डॉक्टरही चुकतात. चुकत असतील.

ज्येष्ठ शुद्ध १३

नारू पुरता निघाला. हे काठीशिवाय चालले. कचेरीत खजूर वाटला, कारण साखर बंद आहे. "विष संपलं! आता मला काही होत नाही!" कडूला उचलून अंगणभर नाचले. तिचे वडील असे कधी हसलेले तिने पाहिले नव्हते. मीही हसले. ते खरं, आणि हेही खरं की मला त्या बारवेची आठवण एक घटकाही सोडत नाही.

श्रावण शुद्ध ५

दस्तगीरसाहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

मार्गशीर्ष वद्य २

कडाक्याची थंडी. हे तरीही पाण्यात. परत आले की दात वाजतात, आणि मी शेकायला निखारे दिले तर ते चालत नाहीत. उन्हाची ऊब खरी, निखाऱ्याची खोटी!

पाणी गाळते. आडाला पाणी आलंय, पण लोकांना आता बारवेचीच सवय लागली. केशरबाई म्हणते, "पेशकार सायब पितेत म्हंजी ते पानी चांगलंच आसंल की."

खूप दमते आजकाल. काम तेवढंच आहे.

चैत्र शुद्ध ९, शके १८३५

रामनवमी. सुंठवडा गुळाशिवाय केला. कुणी खाल्ला नाही.

केशरबाई लंगडत आली. घोट्याशी गाठ. "काटा मोडला आसंल," म्हणाली. मी वाकून पाहिलं. काटा नव्हता.

दस्तगीरसाहेब चुकले नव्हते.

वैशाख शुद्ध ३

आळीत धड चालणारं माणूस राहिलं नाही. आश्रुबाच्या दोन्ही पायांना. त्याच्या म्हाताऱ्या चुलत्याच्या गुडघ्याला. पलीकडच्या घरात पाच जणांना! आज अक्षय तृतीया. रान तयार व्हायला पाहिजे, आणि आश्रुबाचे बैल दावणीला उभे. केशरबाई बसून बसून, सरकत सरकत त्यांना कडबा टाकते. पेर झाली नाही तर ही माणसं खाणार काय?

दोन्ही वेळ भाकरी नेऊन देते. आज तिने माझे पाय धरले. "तुमी हाव म्हनून, बाई. न्हाई तर आमाला कोन व्हतं?" मला तिथे उभं राहवेना. लाज वाटते. रडूसुद्धा येत नाही, इतकी वाटते.

आमच्या घरात कुणालाही काही नाही.

वैशाख वद्य ४

आज दुपारी सगळे आमच्या ओट्यावर आले. आश्रुबा दोन काठ्यांवर. खाली बसवेना तरी बसला आणि हात जोडले.

"सायब, आख्ख्या आळीत तुमचंच घर धड हाय. आमी येडे, तुमाला हसत व्हतो. तुमचं पथ्य आमालाबी सांगा."

ह्यांचे डोळे भरून आले. आतून पुस्तक आणलं. मीठ बंद, तेल बंद, मिरची बंद. मिरची म्हटल्यावर चुलता कण्हला! मग म्हणाले, "आणि उद्या पहाटे सगळ्यांनी माझ्याबरोबर बारवेवर यायचं. फुटलेला पाय पाण्यात सोडायचा. आग तिथल्या तिथे थांबते, माझा अनुभव आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केशरबाईने माझ्याकडे पाहून म्हटलं, "गेल्या साली ऐकलं आसतं तर!"

ते गेल्यावर मी दार लावलं आणि ह्यांना सांगितलं. सगळं. आमच्या घरात नारू नाही तो पथ्यामुळे नाही, मी वर्षभर तुमचं पाणी गाळत आले म्हणून. आणि आळीत आहे तो तुमच्या पायातला. उद्या एवढे पाय त्या पाण्यात गेले, तर पुढल्या साली आळीत बैल सोडायलाही कुणी उभं राहणार नाही.

वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. खाली बसले. पुस्तक उघडून पानं उलटत राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाले, "असं ह्यात कुठंच नाही."

"नसेल. पण आहे हे असं आहे."

पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आता मागे कसं फिरू गं? आजवर मला सगळे हसले. दादा तर लहानपणापासून हसायचा. पहिल्यांदाच माझ्या दारात लोक विचारायला आले." माझा हात धरला. "तू बोलू नकोस. उद्याचा दिवस जाऊ दे. मग बघू."

हात थंडगार होता. मला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्हींना पुरेल इतकी ताकद आता अंगात नाही.

वैशाख वद्य ५

पहाटे ह्यांच्या आधी निघाले. बारवेत उतरायची वाट एकच, तिथे वरच्या पायरीवर आडवी बसले. सगळे काठ्या टेकत आले, हे पुढे. "बाजूला हो," म्हणाले. मी हलले नाही. आश्रुबासमोर, केशरबाईसमोर, अख्ख्या आळीसमोर मी ह्यांना नाव घेऊन हाक मारली — "बद्रीनाथ! हा नारू तुमच्या पायातून या पाण्यात उतरला. आणि मला ते माहीत होतं."

कुणीही खाली उतरलं नाही.

दुपारी भाकरी घेऊन गेले. केशरबाईने दार उघडलं नाही.