कीपरच्या बदल्यात

खाडीपाडा, वसई
डिसेंबर १९९७

प्रिय बर्नार्ड,

तुझ्या घरमालकांच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला. एकदा तू आंघोळीला गेला होतास आणि एकदा कारखान्यात. बरंच झालं म्हणायचं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी अर्धवट ऐकलंस तर नाशकातूनच माझ्या नावाने शिमगा करशील. म्हणून बसून लिहितो आहे. सगळं वाच, मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस. ती तुझी जुनी खोड आहे आणि लुसीही त्याबद्दल तक्रार करते.

लुसी मजेत आहे. बाळ येशूचा गोठा सजवण्याची तयारी सुरू झाली आहे आणि नवरा नाताळला नक्की येणार असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तुमच्या ओटीवरची नाताळची चांदणी मात्र अजून वर गेलेली नाही, आणि आपल्या सगळ्या दुःखाचं मूळ तीच आहे. चिरागला कोणी शिडीवर चढायला सांगितलं होतं? लुसीने नाही, मी नाही. चढला आपला शहाणा. शिडी घसरली आणि पडताना त्याने हात पुढे केला. इतकी वर्षं कीपर म्हणून स्टंपांमागे उभा आहे आणि आपण ओरडतो आहोत की बाबा रे, हात पुढे कर. तिथे कधी केला नाही. इथे केला आणि दोन बोटं मोडून घेतली. हंगाम संपला त्याचा. भेटायला गेलो तर प्लास्टर दाखवत हसत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

तुला गुणतक्ता सांगून तुझी झोप उडवत नाही, पण आपण तळाशी आहोत. तळाचे दोन संघ पुढच्या वर्षी स्पर्धेबाहेर जातात आणि आत यायला विरारचे नवे क्लब रांग लावून उभे आहेत. एकदा बाहेर पडलो की आपल्यासारख्या, भातकापणी झाली की शेतावर रूळ फिरवून पिच करणाऱ्या मंडळाला परत कोण घेणार? गेल्या सामन्यात चिरागच्या जागी मी स्वतः ग्लोव्हज घातले. माझा गुडघा एकदा वाकला की उठायचं नाव घेत नाही हे तुला माहीत आहे. माझ्या पायांमधून इतके चौकार गेले की पंचही बिचारे हात हलवून दमले. तेव्हा कीपर आणणं भाग होतं, आणि अदलाबदलीची मुदत चर्चमध्ये नाताळचा नऊ दिवसांचा नोव्हेना सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच.

अदलाबदलीचा नियम तुला पाठ आहे, पण मला त्याचा इतका संताप आला आहे की पुन्हा लिहून काढतो. पैसा द्यायचा नाही, नोकरीचं आमिष दाखवायचं नाही, इथवर ठीक. ज्याला खेळाडू हवा त्याने नारळ घेऊन त्याच्या घरी जायचं, घरच्या मोठ्या माणसाकडे रीतसर मागणी घालायची. आणि ज्यांचा खेळाडू जाणार त्यांनी बदल्यात मागणाऱ्याच्या संघातून, कप्तान सोडून, हवा तो उचलायचा. उचललेला माणूस दोन हंगाम परत फिरू शकत नाही. हा नियम ज्या म्हाताऱ्यांनी केला त्यांना मुली द्यायच्या होत्या की क्रिकेट खेळायचं होतं, देव जाणे.

तरी निघालो. पहिला गेलो विरारला, कौस्तुभकडे. त्याला मी मागे खेळताना बघितलं होतं. हात लोण्यासारखे, लेग साइडचे चेंडू तर नुसते अलगद उचलतो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं. मी म्हटलं, सराव रविवारी सकाळी. तर म्हणतो, “काका, संडे मॉर्निंग इम्पॉसिबल आहे यार, हफ्ताभर चर्चगेटला धक्के खातो, एक दिवस तर झोपू द्या.” मग सामन्याला तरी येशील का, विचारलं. तर म्हणाला, टॉस जिंकून आपण बॅटिंग घेतली तर दुपारपर्यंत पोचेन. वर त्याच्या वडिलांनी मैदानाजवळ गाडी लावायला सावली आहे का याची चौकशी केली. आपल्याला कीपर हवा होता बर्नार्ड, जावई नको होता. नारळ पिशवीतच ठेवला आणि उठलो.

मग तुळिंजचा हर्षवर्धन. त्याची सगळीकडे वाहवा चालली आहे. या वेळी ठरवलं की आधी गुपचूप बघायचं, मगच मागणी. संजनाला तुळिंजच्या बाजारात भाजी घ्यायचीच होती, तिला बरोबर घेतलं आणि फ्लॉवरच्या पाट्यांआडून आम्ही दोघं पलीकडच्या मैदानातला सराव बघत राहिलो. पोरगा दिसायला झकास, ग्लोव्हज कोरे करकरीत. सरळ छातीवर आलेल्या चेंडूलाही सूर मारतो. मी भारावून बघत होतो. संजना वांगी निवडता निवडता म्हणाली, “हा चेंडू हातात यायच्या आधीच लोकांकडे बघतोय.” मी पुन्हा बघितलं आणि खरंच तसं होतं. तिला मैदानातलं एक अक्षर कळत नाही असं मी लग्न झाल्यापासून धरून चाललो होतो. हर्षवर्धनचं नाव तिथेच मनातून खोडलं. वांगीही किडकी निघाली.

राहता राहिला राजोडीचा शत्रुघ्न. हो, तोच. गेल्या वर्षी ज्याने तुला यष्टिचीत केलं आणि वर तुझ्या शर्टाचं माप काढलं, तो. तोंड असं की स्वतःच्या गोलंदाजालाही सोडत नाही. रुसला की दोन-दोन षटकं कोणाशी बोलत नाही. म्हणूनच त्याला आजवर कुणी मागणी घातलेली नाही. पण त्या वाळूमिश्रित पिचवर, जिथे चेंडू कधी घोट्याला तर कधी नाकाला येतो, तिथे तो जलद गोलंदाजालाही स्टंपांना चिकटून उभा राहतो आणि काही म्हणता काही सुटत नाही. मी मनाशी म्हटलं, तोंड आपण सहन करू, सहन करायची सवय मला तुझ्यामुळे आहेच.

त्याच्या घरी गेलो तर अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्याची आई, धोंडूबाई, खाली बसून टोपल्या भरत होती. शत्रुघ्न आमच्याकडे पाठ करून जाळं सांधत बसलेला. मागणी घातली. बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माज्या पोराला दुपारचं जेवान कोन घालनार? पानी त्याला माठातलं लागतं, फ्रीजमधलं नाय चालायचं. आनि त्याच्यावर कोनी आवाज चढवायचा नाय, सांगून ठेवते.” जो पोरगा सगळ्या तालुक्यावर आवाज चढवतो, त्याच्याविषयी हे! मी सगळं कबूल केलं. माठ आमच्याकडे आहे, संजना जेवायला घालेल, आवाज चढवणारा माणूस सध्या नाशकात आहे. शेवटचं मनातल्या मनात म्हटलं. बाईने नारळ घेतला, चहा दिला, आणि मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

तिथून राजोडीच्या संघाचे मुख्य, धर्माजी, यांच्याकडे. म्हातारा होडीच्या सावलीत बसला होता. मी त्याला आपली अकरा नावं सांगायला सुरुवात केली, तर त्याने मला थांबवलं. “नावं कशाला वाचतो? बर्नार्ड दे.” इतकंच. पुढे विषयच बदलला आणि समुद्रात मासळी कशी राहिली नाही ते सांगत बसला. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली आणि सायकल काढली. अख्ख्या रस्त्याला मी तुला शिव्या घालत आलो. ऐन हंगामात नाशिकचं ट्रेनिंग घ्यायची काय गरज होती? जूनमध्ये जातो असं कंपनीला सांगता आलं नसतं? कारण इथे मंडळाच्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. चिरागच्या ओटीवर सगळे जमले आणि निम्मे म्हणाले, देऊन टाका, नाहीतरी बर्नार्ड इथे असतो कुठे, उद्या कंपनी त्याला कायमचाच तिकडे ठेवेल. ज्याच्या गोलंदाजीवर आपण स्पर्धेत इतकी वर्षं टिकलो त्याच्याबद्दल ही भाषा. घर विकून दाराची कडी विकत घ्यायला निघाले होते. मी तिथे काय काय बोललो ते तुला चिराग सांगेलच, त्याची बोटं मोडली आहेत, जीभ शाबूत आहे. त्या बैठकीत मला पहिल्यांदाच वाटलं की कप्तानकी गेली खड्ड्यात.

आणि हे वाटलं आणि मला युक्ती सुचली. कप्तान सोडून, असा नियम आहे ना? मग तू कप्तान हो. कप्तान हजर असला पाहिजे असं नियमात कुठेही नाही. सकाळी उठून स्पर्धेच्या सेक्रेटरीच्या घरी गेलो आणि सांगून आलो की आजपासून खाडीपाड्याचा कप्तान बर्नार्ड. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण नोंद केली. इतका खूश होतो मी बर्नार्ड, की वाटेत सायकलवर एकटाच हसत होतो. धर्माजी आता आपला नवा जलद गोलंदाज मागणार, याची मला खात्री होती. तो द्यायला जिवावर येणार होतं, पण देता आला असता. संघ वाचला, तू वाचलास, कीपर आला. इतकं सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालं याचा मला कोण अभिमान वाटत होता.

धर्माजीने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. नवा गोलंदाज नको म्हणाला, त्यांच्याकडे तसे ढिगाने आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आमची पोरं मारतात झ्याक, पन थांबत नाय कोनी. थांबनारा मानूस पायजे. बर्नार्ड नाय तर तूच चल.” मी आधी हसलो. चाळिशी आली, गुडघा असा, मला कोण नेणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की कप्तानकी सोडताना स्वतःचं नाव माझ्या डोक्यातच आलं नाही. नाही म्हणावं तर शत्रुघ्न गेला आणि नोव्हेना दुसऱ्या दिवसावर. हो म्हटलं. राग आला, फार आला, आणि खरं सांगतो, आपल्याला कुणीतरी मागून नेतंय म्हणून आत कुठेतरी बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा सगळ्यात जास्त राग आला. घरी येऊन संजनाला सांगितलं आणि जेवता जेवता मला रडू आलं. दोन हंगामांनी हा गुडघा मला मैदानात उभं राहू देणार नाही, म्हणजे खाडीपाड्याकडून माझं खेळून झालं. हे तुला कुणा तिसऱ्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. नाताळनंतरच्या रविवारी आपल्याच मैदानावर राजोडीशी सामना आहे. टॉसला तू जायचंस. मी राजोडीकडून सलामीला येईन. मी कसा बाद होतो ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, इतकी वर्षं माझ्याबरोबर सलामीला येऊन समोरच्या टोकावरून तूच बघतो आहेस. ते सगळं शत्रुघ्नला सांग आणि चेंडू तसाच टाक. मैत्री म्हणून हात आखडलास तर तुझ्या ओटीची पायरी पुन्हा चढणार नाही. फक्त एक कर. तुझ्याबरोबर सलामीला आता कोणाला पाठवायचं ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस. ते नाव मला सांगवणार नाही.

तुझाच, कुठूनही खेळलो तरी,
हरेश्वर