डावं-उजवं

दि. १२ मार्च

चि. छकुलीस,

आशीर्वाद. मी बरी आहे, जेवण जातं, झोप लागते. ताईचेही फोन तू घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सगळ्या ओळी पानाच्या उजव्या अर्ध्यातच कोंबल्यात, असं ताई म्हणते. मला तर पान पूर्ण भरलेलं दिसतं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा पाय माझं ऐकत नाही, म्हणून इथे रुग्णालयात रोज यंत्रात चालवतात. पट्ट्यांनी वर टांगतात, पायांना यंत्राचे पाय बांधतात आणि पायाखालचा सरकता पट्टा सुरू करतात. इतकं उचलून तर मला सासरीही कोणी धरलं नव्हतं!

चालणं जमतंय, उभं राहणं जमत नाही. कुठल्या पायावर किती भार आहे ते समोरच्या पडद्यावर दिसतं. परवा सगळा भार उजवीकडे. मी व्यायाम घेणाऱ्या मुलीवर डाफरले, "मी सरळ उभी आहे. तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठीक आहे, काकू. तुम्हाला डावी बाजू आहे, डावीकडे कुणी आहे, हेच तुमच्या मेंदूला उमगत नाही." तिने माझी मान हाताने डावीकडे वळवली. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती. "तुमची धाकटी रोज इथेच बसायची ना? हल्ली दिसत नाही ती."

छकुले, तू रोज तिथे होतीस, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी इथेच व्यायाम करताना मी ताईला म्हणाले होते, "धाकटीला आईसाठी सवड कुठली!" ताई म्हणाली, "आई, ती इथेच आहे." मला वाटलं, गावातच आहे म्हणतेय. म्हणून आणखीच चिडले, "इथे असून येत नाही? मग मी मेले तरी कळवू नकोस तिला." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोण उठलं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

दोन लेकींत कधी डावं-उजवं केलं नाही, असं जन्मभर मिरवलं मी. ताई म्हणते, आजारच आहे तो, छकुली समजून घेईल. पण तू दिसली नाहीस एवढाच दोष आजाराचा. बोलले ते माझ्याच मनातलं होतं, आणि ते तू शेजारी बसून ऐकलंस. ते मला परत घेता येत नाही.

तू आलीस तरी पुन्हा माझ्या लक्षात येणार नाही, याची फार भीती वाटते गं. तसं झालं तर हाक मार, हात ओढ, कडाकडा भांड. उठून मात्र जाऊ नकोस.

तू शेजारी असतानाही तुझीच वाट बघत बसलेली,
आई