दोऱ्याचं कुरळं टोक

प्रिय गट्टू,

तुझ्या आईने पाठवलेली दोन पत्रं तुझ्या उशाशी तशीच पडून आहेत, पाकिटंही फोडलेली नाहीत, असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या. हे तिसरं माझं आहे. गिऱ्हाइकांची मापं खरडून खरडून बिघडलेलं हे अक्षर तू पाकिटावरच ओळखशील. हे तरी फोड. यात तब्येतीची चौकशी नाही, उपदेश नाही, 'सगळं ठीक होईल' असलं काही नाही. माझं एक काम अडलंय आणि ते तुझ्याखेरीज कुणाला विचारावंसं वाटत नाही. काम माशाचं आहे. बास नावाच्या माशाचं. हस हवं तर. आज छत्तीस दिवस झाले, तू कुणाशी एक शब्द बोलला नाहीस, आम्हाला भेटायला तयार नाहीस. हसलास तर सिस्टर मला कळवणार आहेत, तसं सांगून ठेवलंय.

तर गेले तीन रविवार मी तलावावर जातोय, गळ टाकायला. हो, मीच. 'पाण्यात दोरी सोडून बसायचं आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडून द्यायचा, याला काय धंदा म्हणायचा' असं तुला जेवताना, चहा पिताना, पाहुण्यांसमोरसुद्धा ऐकवणारा तुझा बाप. तुझी आई पहिल्या रविवारी दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवल्या.

आधी पेटीबद्दल लिहितो, नाहीतर पुढचं खोटं होईल. तुझी ती गळांची निळी पेटी आणि दाराआडच्या खिळ्यावर टांगलेल्या दोन काठ्या मी भंगारवाल्याला दिल्या. तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास, तेवढ्या वेळात. नोकरी जाऊन चार महिने झाले होते, तू अर्ज लिहायचास आणि रविवारी तलावावर जायचास, आणि माझ्या डोक्यात बसलं की हे खेळणं घरात आहे तोवर पोरगा हातपाय हलवणार नाही. एकतीस वर्षांच्या माणसाचं सामान मी बापाच्या तोऱ्यात उचलून दिलं. तू आलास, रिकामा खिळा पाहिलास, माझ्याकडे पाहिलंस आणि खोलीत गेलास. मला वाटलं, भांडला नाही म्हणजे पटलं असणार. आईला तसं बोलूनही दाखवलं. त्यानंतर आठव्या दिवशी आईने सकाळी तुझं दार वाजवलं, आणि वाजवतच राहिली.

तुला इस्पितळात ठेवल्यावर पहिल्याच रविवारी मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याने सगळं पुढे पाठवून दिलं होतं. मग ठरवलं की पेटी जशी होती तशी पुन्हा भरायची. स्टेशनमागे ते गळांचं दुकान आहे, तुझं नेहमीचं, तिथला तो जाड चष्म्याचा माणूस. मी त्याला गळवालाच म्हणतो. त्याला सांगितलं, माझ्या मुलाचं सामान हवंय, अगदी तेच. त्याने विचारलं, काठी कुठली, टोकाशी वाकणारी की मधून वाकणारी? इथेच माझं घोडं पेंड खाऊ लागलं. लांबी मला इंचात पाठ होती, एक चौऱ्याऐंशी, एक अठ्ठ्याहत्तर, कारण डोळ्याने माप घेणं हाच माझा धंदा. पण ती वाकते कुठे ते मी कधी बघितलंच नव्हतं. दोऱ्याचा मी नंबर विचारला तर तो म्हणाला, आमच्याकडे नंबर नसतो, किती वजन पेलतो ते बघतात, दहा पौंड, बारा पौंड. रीळ म्हटलं तर एवढीशी बॉबिन डोळ्यासमोर आणणारा मी माणूस, त्याने चहाच्या मगाएवढं यंत्र समोर ठेवलं.

एका गोष्टीत मात्र मी पक्का निघालो. गळाला लावायचे रबरी किडे. त्याने वीसेक रंग काढले आणि मी क्षणात बोट ठेवलं, कलिंगडाच्या सालीचा गडद हिरवा, त्यात काळे ठिपके. एकदा मी कोटाला अस्तर लावत असताना तू तो किडा कापडावर ठेवून म्हणाला होतास, बाबा, बघा, हुबेहूब तुमच्या अस्तराचा रंग. मी म्हटलं होतं, ती घाण उचल तिथून. रंग लक्षात राहिला बघ.

मग त्याने विचारलं, पाणी कसं आहे? गढूळ की नितळ, तळाशी दगड की गवत? अकरा वर्षं तू तिथे जात होतास. तीनदा तू मला चला म्हणालास, मी मोजून सांगतो, तीनदा, आणि तिन्ही वेळा मी शाळेच्या गणवेशांचा ढीग दाखवला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तलावावर गेलो. तुझी जागा कुणाला विचारावी लागली नाही. पंपघराच्या पलीकडे, पायऱ्या संपतात तिथे, कठड्यावर तू चाकूने माशांच्या लांबीच्या खुणा केल्या आहेत. सर्वांत मोठी माझ्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत भरते. समोर लव्हाळं, पाण्यात बुडालेलं एक झाड, तळाशी शेवाळ. हे सगळं गळवाल्याला येऊन सांगितलं. तो म्हणाला, मग गळाचं टोक बाहेर ठेवून चालायचं नाही, गवतात अडकेल. ते किड्याच्या पोटात लपवायचं, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं छोटं शिसं, आणि घाई अजिबात करायची नाही. नवशिक्याला लांब काठीच बरी आणि खाली लटकणारं रीळ बरं, म्हणून तेवढंच आधी घेतलं. रिळाचा खटका जरा ढिला ठेवा, म्हणाला, मोठा मासा ओढायला लागला की त्याला थोडा दोरा घेऊ द्यायचा, करकचून धरलंत तर तुटणारच. मी मान डोलावली. बाहेर येऊन त्याच्या पायरीवरच खटका ढिला करून ठेवला.

पहिल्या रविवारी माझी जी फजिती झाली ती तू पाहायला हवी होतीस. रीळ मी वरच्या अंगाला बसवलं आणि दांडी उलटी फिरवत बसलो. शेजारून पोहायला चाललेल्या बाईंनी सांगितलं, आजोबा, ते खाली असतं. मग रिळावरची दोरा अडवणारी तार न उघडताच फेकलं, तर किडा गर्रकन फिरून माझ्याच टोपीत रुतला. दोऱ्याचा असा गुंता झाला की कातर काढावी लागली. खिशात कातर असते हे एक बरं. दुसऱ्या रविवारी हात थोडा वळला. झाडाच्या पलीकडे फेकायचं, किडा तळाला जाईपर्यंत सात मोजायचे, टोक हळूच वीतभर उचलायचं, परत खाली सोडायचं, आणि डोळे दोऱ्यावर ठेवायचे, कारण बास बहुतेकदा किडा खाली पडत असतानाच तोंडात घेतो. चार तास मी एवढंच केलं. कुणी मला काही विचारलं नाही, मी कुणाला उत्तर दिलं नाही. मुलगा सध्या काय करतो, असं कुणी म्हणालं नाही. गट्टू, तू तिथे काय करायला जात होतास ते मला तेव्हा समजलं. आणि मी तेच उचलून भंगारात दिलं.

परवाचा तिसरा रविवार. दुपारचे चार वाजले असतील. किडा खाली जात होता, मी पाचपर्यंत मोजलं आणि दोरा बाजूला सरकला. अगदी थोडा. हाताला टक लागलं, कापडाखाली टाचणी लागते ना, तेवढंच. गळवाल्याने सांगितल्याप्रमाणे ढील आवरली आणि काठी जोरात वर घेतली. काठी मधून वाकली. मधून वाकणं म्हणजे काय ते कळलं एकदाचं. मासा बाहेर उसळला, हे एवढं तोंड उघडून डोकं झटकत, तुझ्या मोठ्या खुणेपेक्षाही मोठा, शपथेवर सांगतो. मी एकटाच मोठ्याने ओरडलो, गट्टू, बघ. आणि दोरा हलका झाला. ओढून पाहिला तर गळ नाही, किडा नाही, शिसं नाही. नुसतं टोक, आणि ते कुरळं झालेलं, डुकराच्या शेपटीसारखं. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गाठ सुटली होती. माझी गाठ, चव्वेचाळीस वर्षं सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्याची. मी तिथे पायरीवर बसून रडलो. माशासाठी रडायला मी काही वेडा नाही.

ते टोक मी कापून जपून आणलं, तुला पाठवायचं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, दोरा आत जाणार नाही. वीतभरसुद्धा नाही. त्यांचं बरोबर आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी तुझ्या बुटांच्या नाड्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, पायजमे आणाल ते बिनानाडीचे आणा. मी त्याच दिवशी चार शिवले, कमरेला बटणं लावून. आयुष्यात हजारो पायजमे शिवले असतील, पण त्या चारांची टीप काही केल्या सरळ येईना. मशीन थांबवायचो, उसवायचो. तुझ्या कमरेचं माप वहीत होतंच, तरी अंदाजाने दोन इंच कमी केलं. बरोबर बसले का, हेही कुणी सांगितलं नाही. तर दोऱ्याऐवजी मी त्या टोकाचं चित्र पत्राच्या मागे काढलंय. खडूने नाही, पेन्सिलीने, पुसलं जाऊ नये म्हणून. नीट बघ आणि सांग, मी कुठे चुकलो.

आता खरं सांगतो, कारण वर थोडं खोटं लिहिलं. कुठे चुकलो ते मला माहीत आहे. गळवाल्याने टोक चष्म्यापाशी धरलं आणि क्षणात म्हणाला, कोरडी आवळलीत. थुंकीने ओली करून सावकाश ओढायची असते, घाईने कोरडी ओढली की गाठ बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. आणि मी जन्मभर सुई ओवताना दोरा ओठांत धरत आलोय. तेव्हा गाठीचं उत्तर मला नको आहे. मला तुझं उत्तर हवं आहे, कुठलंही. चुकीचं चालेल. शिवी चालेल, मी ती कमावली आहे. पेटीचं मनात धरून बसला असशील तर तेच लिही, बाबा तुम्ही माझं सगळं फेकून दिलंत, एवढं लिही, मी ते देव्हाऱ्यात ठेवीन. पण असा गप्प राहू नकोस. मला भीती वाटते रे. आईसमोर मी ती दाखवत नाही, ती माझ्यासमोर दाखवत नाही, आणि दोघंही दाराच्या कडीकडे बघत बसतो. तू जग. नोकरी नको करूस, अर्ज नको लिहूस, जन्मभर पाण्यात दोरी सोडून बस, पण जग. लिहिणं होत नसेल तर येत्या रविवारी चार वाजता तुझ्या खिडकीशी ये. दुसऱ्या मजल्यावरून कुंपणाबाहेरचा रस्ता दिसतो, मी बघून ठेवलंय. रखवालदार मला आत सोडणार नाही, मीही चिवट आहे, बाहेर उभा राहीन. भिंत उंच आहे, पण चौऱ्याऐंशी इंचांची काठी तिच्यावरून दिसते. दोरा ओवलेला असेल, टोक मोकळं असेल. गळ मी अजून बांधलेला नाही. तो तू बांध.

तुझाच,
बाबा