आजीबाईचे पाय

द्रिना नदीकाठ,
जूनचा पहिला रविवार

तायडे,

सलाम. तू बरी असशील, व्लातको भाऊजी बरे असतील, आणि ग्रात्समधली कॉफी अजून तशीच पांचट असेल. इकडे सगळं ठीक. म्हणजे तसं ठीक. मी ठीक आहे, लिंडनची झाडं फुलल्यामुळे सगळ्या गावाला मधासारखा वास येतोय, मुनीबा मावशीचा कोंबडा तेवढा ठीक नाही. त्याचं पुढे येईल.

पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर मी 'बाबा' म्हटलं रे म्हटलं की तुला गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवतं. दुसरंही एक कारण आहे, तेही पुढे. शुद्धलेखन बघू नकोस. शाळेत मी किती वर्गात होते आणि किती खिडकीबाहेर, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

तुझा इथे राहिलेला तो मोहरीच्या रंगाचा स्वेटर तू रागीबच्या बसने पाठव म्हणाली होतीस. पाठवते. त्याचंही जरा पुढे सांगते.

आधी मोठी बातमी. मी ट्राउट मासे धरायला शिकतेय! बाबाच शिकवतोय. आधी त्याला म्हटलं, मला शिकव, तर म्हणाला, "तुला दोन मिनिटं गप्प उभं राहता येत नाही, नदीत काय उभी राहणार?" मग एप्रिलमध्ये एक दिवस आपणहून म्हणाला, "झुम्रे, चल. आणि गळाच्या त्या पिसांच्या खोट्या माशाही आता तूच बांधत जा. तुझी बोटं बारीक आहेत." मला काय, आनंदच झाला. त्याचा रबरी विजारबूट घातला तर तो माझ्या काखेपर्यंत आला. पुलावरच्या कॅफेतली म्हातारी मंडळी तर खुर्च्या वळवूनच बसली.

"ए हाशिम," वरून कुणीतरी ओरडलं, "पोरीला मासेमारी शिकवतोयस की धुणं? नुसती पाणी बडवतेय!"

मी म्हटलं, "काका, दाढीत अडकलेला पाव जरा खाली टाका, आमिषाला होईल."

त्यानंतर वरून फक्त खोकल्याचे आवाज.

पण खरंच बडवत होते गं. गळाची काठी मागे न्यायची, दोर पाठीमागे हवेत उलगडायचा, आणि मगच पुढे. माझी घाई. दोर सापासारखा डोक्यावर कोसळायचा.

"मागे ने. थांब. थांब म्हटलं ना!"

"किती थांबू?"

"मागचा दोर सरळ होईपर्यंत."

"मला काय पाठीला डोळे आहेत?"

"डोळ्यांचं काम नाही हे. हाताला कळतं."

मग मी मनात 'कों-ब-डा' म्हणायला लागले. तेवढं थांबलं की बरोबर होतं. एका संध्याकाळी 'कोंबडा' म्हटलं आणि दोर असा काही गेला, तायडे, की मला वाटलं तो माझ्या हातातून गेलाच नाही, नदीनेच हात लांब करून घेतला. माशी पाण्यावर बसली. पाणी हिरवं, एवढं रुंद, एवढं सावकाश, की बघता बघता नदी थांबते आणि आपणच उगमाकडे तरंगत निघतो. पाय कुठे, कंबर कुठे, काही कळत नाही. मग त्या हिरव्यातून एक तोंड वर आलं, अगदी आळसात, जांभई दिल्यासारखं, आणि माझी माशी घेऊन गेलं. मी ओरडायचं सोडून कुजबुजले, "बाबा, आला." बाबाही कुजबुजला, "मग धर की."

अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाला निळसर कडा. बाबाने तो ओल्या हातात धरून कानाजवळ नेला, जणू तो काही सांगणार होता, आणि सोडून दिला.

आता कोंबडा. माशी पाण्यावर उभी राहायची तर कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, आणि राखाडी मान सगळ्या गावात एकाचीच, मुनीबा मावशीच्या वझीराची. मी मका रात्रभर प्लमच्या दारूत भिजवला आणि कुंपणातून टाकला. वझीर आधी गायला, मग एका बाजूला चालायला लागला, मग झोपला. मी हवी तेवढी पिसं काढली. दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी आरवला आणि मावशी दारात.

"झुम्रे! माझ्या वझीराची मान कुणी सोलली?"

"उन्हाळा आहे मावशी, त्याला उकडत असेल."

"तुझी जीभ कापून तिचं आमिष करीन!" असं म्हणाली, पण आत येऊन बसली, कॉफी प्यायली, आणि जाताना हळू आवाजात म्हणाली, "तुझा बाप पिसं मागायला स्वतः यायचा. एका पिसासाठी दोन तास बसायचा माझ्या ओट्यावर. वर्ष झालं, फिरकला नाही. मी काही बोलले का गं त्याला?"

मी म्हटलं, म्हातारा झालाय, आळशी झालाय. मला तेव्हा तेच वाटत होतं.

आज इथेच थांबते. हात दुखला.

सोमवार, सकाळ

रात्रभर ठरवत होते, पुढचं लिहू की नको.

तुला आजीबाई आठवते? काठाजवळचा तो पांढरा वाकलेला दगड. लहानपणी बाबाने तुला आणि मला एकच गोष्ट घोकून घेतली होती. वरच्या धरणातून पाणी सोडतात तेव्हा नदी आवाज करत नाही, नुसती फुगते. म्हणून मासा बघायच्या आधी आजीबाई बघायची. तिचे पाय भिजले की काठ गाठायचा, मग गळाला सोन्याचा मासा का लागलेला असेना.

गेल्या मंगळवारी आम्ही नदीमधल्या खडीच्या उंचवट्यावर होतो. मासे एकामागून एक वर येत होते. मी माझ्या माशीकडे बघत स्वप्नात. पाणी गुडघ्यावर होतं, मग मांडीवर आलं, आणि मला वाटलं, मीच खोल गेले. तेव्हा आठवलं.

"बाबा, आजीबाई बघ."

बाबा काठाकडे वळला. नीट, सरळ त्या जागेकडे बघितलं. म्हणाला, "कोरडी आहे. टाक तू."

तायडे, आजीबाई नव्हतीच तिथे. ती बुडाली होती. तिच्या डोक्यावर पाण्याला नुसती एक सुरकुती पडली होती.

मी हसले. मला वाटलं, माझ्या सगळ्या खोड्यांचं उट्टं काढतोय. "बस झालं बाबा," म्हटलं, "चल." तो म्हणाला, "अगं कोरडी आहे," आणि एक पाऊल टाकलं. खोल पाण्याकडे. मी काठी सोडली आणि त्याचा पट्टा धरला. कसं बाहेर आलो ते मला विचारू नकोस. त्या धारेत त्याचं सगळं वजन माझ्या दोन हातांत होतं आणि तो म्हणत होता, "काठी कुठंय? काठी सोडलीस?"

काठावर बसून त्याने मोजे पिळले. बराच वेळ पिळत राहिला.

"केव्हाची बुडाली होती ती?"

"आत्ताच. आत्ता एवढ्यात. एकदम पाणी आलं."

"खोटं बोलतेस तेव्हा भराभर बोलतेस तू."

मग म्हणाला, "बाळा, मला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. दगडाकडे बघितलं की दगड जातो, बाजूचं गवत राहतं. मला वाटलं, तिची जागा पांढरी दिसतेय. ती बहुतेक उन्हाची चकाकी असेल."

तेव्हा सगळं एकदम कळलं. माझी बारीक बोटं. मुनीबा मावशीचा ओटा, त्याच्या त्या अरुंद पायऱ्या, काठोकाठ भरलेली कॉफीची वाटी. मासा कानाशी नेणं.

डॉक्टरकडे यायला तयार नव्हता. मी म्हटलं, सारायेव्होला नवा दोर घ्यायला जाऊ, आणि टॅक्सीवाल्याला डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. औषधांचा वास आल्यावर त्याला कळलं. पण बसला. डॉक्टरचं नाक हे एवढं! त्याने विचारलं, "माझ्याकडे बघा, काय दिसत नाही?" बाबा म्हणाला, "तुमचं नाक. हे चांगलं लक्षण की वाईट?" डॉक्टरही हसला. मग हसणं थांबवून सांगितलं, मधलं गेलेलं परत येत नाही. सुया देऊन उरलेलं राखायचा प्रयत्न करू. कडा किती दिवस राहतील, सांगता येत नाही.

येताना गाडीत बाबाने माझ्याकडून शपथ घेतली. "तिला फोनवर सांगायचं नाही. माझी कीव करून कुणी पूल ओलांडायला नको." मी भाकरीची शपथ घेतली, फोनवर सांगणार नाही. पत्राचं तो काही बोलला नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी खरं म्हणजे हा सगळा कागद काळा केला.

तू गेलीस त्या दिवशी बाबा नदीत होता. निरोप द्यायला आला नाही. बस पुलावर आली तेव्हा तू खिडकीतून त्याला बघितलंस, आणि मला इतक्या वेळा म्हणालीस, "झुम्रे, मी त्याच्या डोक्यावरून गेले आणि त्याने मान वर करून बघितलं नाही. आपल्यातला नवरा केला नाही म्हणून एवढं?" मला वाटायचं, तुझं बरोबर आहे.

काल सकाळी मी पहिल्यांदा त्याच्या जागेवर उभी राहिले. मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी हलत नाही. आता तो काठावर आजीबाईला हात लावून बसतो, पाणी वाढलं की हाताला कळतं, आणि मी आत उभी राहते. धुकं निघून गेलं होतं. मी माशी बघायला मान खाली घातली, आणि तायडे, माझ्या पायाशी अख्खा पूल होता. उलटा. कठडे, दिवे, सगळं. पाववाल्याची गाडी वरून गेली, चाकं वर, आणि मला पाववाल्याचं कोपर दिसलं. कोपर!

"बाबा," मी म्हटलं, "इथून मान वर केली तर?"

"वर केली तर सकाळचं ऊन डोळ्यांत जातं. काहीच दिसत नाही."

मी मान वर करून बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग तो आजीबाईला म्हणाल्यासारखं म्हणाला, "पाण्यात नीट दिसतं. पांढरी बस होती. मागून दुसरी खिडकी. पोरीने केस बांधले नव्हते."

मी दोर मागे नेला आणि 'कोंबडा' म्हणायचं विसरले. सगळा गुंता माझ्या टोपीवर.

तर स्वेटर. त्याची डावी बाही आता नाही. माशीच्या पोटाला तसली पिवळी लोकर बाजारात मिळत नाही आणि मासे त्या रंगासाठी वेडे आहेत, मी काय करणार? पहिली माशी बांधून बाबाच्या हातात दिली तेव्हा त्याने पोट बोटांत चोळलं, पुन्हा चोळलं. "ही लोकर कुठली?" मी भराभर म्हटलं, "बाजारातली." पण ती माशी त्याने पाण्यात कधी टाकली नाही. टोपीच्या पट्टीत खोचून ठेवलीय, आणि टोपी घरातही काढत नाही.

म्हणून उरलेला स्वेटर मी पाठवत नाही. उसवेन आणखी. हवा असेल तर येऊन घे. व्लातको भाऊजींनाही आण, त्यांना म्हणावं विजारबूट एकच आहे आणि तो माझा आहे. रागीबची बस शुक्रवारी ग्रात्सहून निघते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वेळी पुलावर येते, ऊन पाण्यावर असताना. खिडकी मागून दुसरीच घे. मी बाबाला आत उभं करते, पट्टा धरून.

आणि मग घरी आलीस की त्याच्या अगदी समोर उभी राहू नकोस. समोरचं त्याला दिसत नाही. जरा उजवीकडे सरकून उभी राहा. तिथे अजून दिसतं.

आजीबाईचे पाय भिजायला लागलेत, तायडे.

तुझी,
झुम्रा