मृणालच्या हाताची चव

१२ जानेवारी, देवास
संध्याकाळी निनादच्या रेस्टॉरंटात जेवले. निनाद माझा भाचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या, सहा टेबलं, फ्रेंच जेवण. स्वयंपाक सगळा त्याची बायको मृणाल करते. लग्नाआधी तीन वर्षं पाँडिचेरीला एका फ्रेंच बाईंच्या हाताखाली शिकली. कांद्याचं सूप दोनदा मागून घेतलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ निनादला म्हणाले, "भिया, क्या हाथ है आपका." निनाद हसला. "बस, शौक है."
शौक. ह्याला धड कांदा चिरता येत नाही.

१५ जाने.
दारावर नवी पाटी. निनादचा फोटो, पांढरी टोपी, खाली 'शेफ'. टोपी मृणालची. विचारलं. "आत्या, लोकांना एक चेहरा लागतो." म्हटलं, चेहरा तिलाही आहे. "तिला पुढे यायला आवडत नाही." तिला विचारलंस? तो बिलं लावत बसला.
जेवण गेलं नाही.

१६ जाने.
मागच्या दाराने मृणालकडे. धिरड्याहून पातळ काहीतरी तव्यावर फिरवत होती. पाटीचं काढलं तर, "राहू द्या ना आत्या." डोळे वर नाहीत. घाबरते बिचारी. मला आणखीच संताप.

२१ जाने.
पेपरवाली मुलगी मुलाखत घ्यायला आली होती. मी नेमकी तिथे, समोर वांगी-ढोबळीचं ते, नाव लक्षात राहत नाही. निनाद तिला सांगत होता, "ये सॉस मैं धीमी आँच पर…" उठलेच मी. "बेटी, खाना हमारी बहू बनाती है. अंदर जाकर देख लो." सहाही टेबलं वळून बघू लागली. निनादचं तोंड पडलं.
घरी आले. बरं वाटलं. बत्तीस वर्षं शाळेत हेच सांगत आले, दुसऱ्याच्या वहीवर आपलं नाव घालू नये.

२३ जाने.
पेपरात आलं. 'हुनर बहू का, नाम पति का.' फोटो मृणालचा, घामेजलेली, केस विस्कटलेले.
दुपारी ती आली. बसली नाही. "मला विचारलंत का, आत्या?"
"अगं, तुझ्यासाठीच—"
"त्यांनी विचारलं नाही, तुम्हीही नाही. होळीला नवा मेनू येणार होता, त्यावर माझं नाव घालायचं मी ठरवलं होतं. बोलणार होते त्यांच्याशी. आता ते म्हणतात, मीच तुम्हाला पुढे केलं."
चहा न घेता गेली.
म्हणजे वाईट मी. पाटी त्याची, खोटं त्याचं, आणि ऐकून घ्यायचं मी. कुणासाठी केलं हे सगळं?
विचारलं नव्हतं, हे मात्र खरं.

२७ जाने.
रेस्टॉरंट बंद. मृणाल माहेरी, धारला. नि. रस्त्यात दिसला, तोंड फिरवलं. त्याच्या आईचा फोन. "वन्सं, संसार मोडलात पोराचा." म्हटलं, वहिनी, पाटी मी नव्हती लावली. तिकडून फोन ठेवला.

४ फेब्रु.
इंदूरला बस बदलून धारला गेले. मृ. अंगणात भांडी पुसत होती. तिला म्हटलं, "तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. बोलले ते मात्र खोटं नव्हतं."
"खोटं होतं असं मी कुठे म्हटलं?"
मग आपणहून सांगू लागली. निनादचा सकाळी फोन आला होता. पाटी काढतो, परत ये. तिने विचारलं, नव्या पाटीवर काय लिहिणार ते आधी सांगा.
"काय म्हणाला?"
"विचार करून सांगतो म्हणाले."
विचार करायचा आहे ह्याला. कानशिलं तापली माझी. तरी एक भांडं उचलून पुसायला घेतलं.
निघताना फाटकापर्यंत आली. "तुम्हाला काय वाटतं आत्या, जाऊ?"
वाटत होतं बरंच. अगदी ओठांवर होतं. "तू ठरव," म्हटलं आणि बस गाठली.