एकवीस फुटांवर

प्रिय प्राध्यापिकाबाई,

तुझ्या पुस्तकाची प्रुफे तपासून झाली. एक गंभीर तक्रार नोंदवून घे. सातव्या प्रकरणात ‘एक कण सरळ रेषेत जात आहे’ हे वाक्य अकरा वेळा आले आहे आणि तो कुठे, कशासाठी निघाला आहे हे लेखिकाबाईंनी एकदाही सांगितलेले नाही. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला असला निरुद्देश कर्ता सोसवत नाही. त्याला निदान भाजी आणायला तरी पाठव.

दुसरी तक्रार मात्र माझ्यावरच उलटली. एका उत्तरात ‘एका सेकंदानंतर वेग शून्य, त्वरण उणे सहा’ असे होते. मी लाल शाईने उणे सहा खोडून शून्य लिहिले. थांबला तो थांबला, त्याला त्वरा कसली! त्यावर तू फोनवर माझी शाळा घेतलीस. “अहो बाबा, वर फेकलेला चेंडू माथ्यावर क्षणभर थांबतो ना? तेवढ्यापुरतं गुरुत्वाकर्षण रजेवर जातं का?” विस्थापनाचे विकलन केले की वेग, म्हणजे त्या क्षणी जागा किती भरभर बदलते ते, वेगाचे केले की त्वरण, म्हणजे तो वेगच कसा बदलतो ते. दोनदा समजावलेस. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून घरातच उदाहरण शोधले. तेच नडले.

घरात सरळ रेषेत जाणारी एकच व्यक्ती आहे. अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यापासून तुझी आई दर रविवारी पलंगापासून भिंत धरून पॅसेजमधून चालते. दमेल तिथे मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करतो. “मापं कसली घेताय, शिंपी झालात की काय?” हे तिचे ठरलेले. पहिल्या रविवारी नऊ फूट. मग पंधरा, एकोणीस, एकवीस. गेल्या रविवारी पुन्हा एकवीस. डॉक्टर म्हणाले, “छान, प्रकृती स्थिर आहे.” तुलाही मी तेवढेच कळवले आणि तू सुटीत यायचे ठरवलेस.

त्या संध्याकाळी भिंतीसमोर स्टूल टाकून वजाबाक्या करत बसलो. आधी सहा फुटांची वाढ, मग चार, मग दोन, मग शून्य. दर आठवड्याला वाढीतून दोन कमी, अगदी नेमाने. सगळ्यांना ते शून्य दिसते आहे. मला त्याच्यामागचे उणे दोन दिसते. पुढच्या खुणेचा आकडा मला न मोजता सांगता येतो. नको इतके चांगले शिकवलेस.

आज रविवार. सकाळचे दहा वाजलेत. ती चपला घालून पलंगाच्या काठावर कधीची बसली आहे. “अहो, येताय ना?” अशी दोनदा हाक मारून झाली. पत्र संपवतो आणि येतो, असे सांगून मी इथे दडून बसलो आहे. पाच आकड्यांवरून माणसाचे भविष्य काढू नये, आजार काही सूत्राने चालत नाही, असे तू म्हणशील. मीही सकाळपासून तेच घोकतो आहे. पण ती आज एकोणीस फुटांवरच थांबली आणि तिने माझ्याकडे वळून पाहिले, तर मी कुठले तोंड करू? मला भीती वाटते आहे, पोरी. हे एकट्याने बघवणार नाही. सुटीची वाट पाहू नकोस.

तुझाच भित्रा
बाबा