पान त्र्याऐंशीवरची कासारीण

माय, तू पुस्तकात आली आहेस. पान त्र्याऐंशी, खालून सहावी ओळ. ‘त्या नराधमाला सावज दाखवणारी त्याची खबरी म्हणजे गावोगाव फिरणारी एक कासारीण.’ नाव दिलेलं नाही. पण दुष्काळात त्या पाच-सहा गावांतून बांगड्यांची टोपली घेऊन फिरणारी कासारीण एकच होती, आणि तिची मुलगी आज लातूरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. पुस्तकाची पहिली आवृत्ती दुसरीकडे निघाली आणि हातोहात खपली. दुसरी आमच्याकडे आली. शुक्रवारी दुपारी मालकांनी कागदांची चळत माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "ताई, सोमवारी मशीनवर चढवायचंय. तेवढं शुद्धलेखन बघून टाका." ही ओळ तशीच गेली असती तर तू कायमची खबरी राहिली असतीस. ती काढायची तर त्या माणसाला खरं कुणी सांगितलं, ते मला माझ्या तोंडाने सांगावं लागणार होतं. ठरवायला सोमवारपर्यंतचा वेळ होता.

तू गेलीस तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं. आता जिल्हा झालाय. गोदामांतून कचेऱ्या बसल्यात, रोज कुठली तरी नवी पाटी लागते, आणि आमच्या छापखान्याला सरकारी फॉर्म छापायला दिवस पुरत नाही. मला हे काम आवडतं. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक शोधायची, समासात खूण करायची, आणि आपलं स्वतःचं काहीही लिहायचं नाही. माझ्यासारख्या भित्र्या बाईला याहून बरी जागा नाही. दार लावलं की नाही हे मी अजून तीनदा बघते. पण त्या शुक्रवारी मला भीती वाटली नाही, राग आला. एवढा राग मला येऊ शकतो हेच ठाऊक नव्हतं.

कारण तुझी ओळ येईपर्यंत मी ब्याऐंशी पानं वाचली होती. ती सगळी त्याची आहेत, माय. त्याच्या मिशीवर अर्धं पान आहे. लहानपणी त्याला सावत्र आईने मारलं त्याचं एक प्रकरण आहे. फाशीच्या दिवशी तो म्हणे ताठ चालत गेला. तिथे लेखकाची लेखणी अशी काही फुललीय की वाचणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. आणि बाया? ‘पहिली शिकार’, ‘दुसरी शिकार’. एक ‘गव्हाळ रंगाची, भरल्या अंगाची’. एक ‘नवऱ्याने टाकलेली, तेव्हा मोहाला बळी पडणे ओघानेच आले’. मोह कसला? तो मुकादम म्हणून हिंडायचा. ‘किनवटकडं जंगलात दुष्काळ न्हाई, वसतिगृहात स्वयंपाकाला बाया पाहिजेत, दोन वक्ताची भाकर मिळंल’ म्हणायचा. भाकरीच्या मागे गेल्या त्या. अंगावरच्या चांदीसाठी मारल्या आणि कोरड्या विहिरीत टाकल्या. मुखपृष्ठावर लाल शाईत बांगड्यांच्या काचांचा खच दाखवलाय. तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस की दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात एवढ्या बांगड्या नसतातच.

खडीच्या कामावर बांगड्या फार फुटायच्या. घणाच्या दणक्याने फुटायच्या, दगडाची कपची उडून फुटायच्या. पण नवरा जिता असताना हात मोकळा ठेवायचा नाही, म्हणून उपाशी बाईसुद्धा हाताला दोन दोन तरी भरून घ्यायची. बाजाराच्या दिवशी तू कामावरच्या कडुलिंबाखाली टोपली उघडायचीस, बायका हात पुढे करायच्या. तू हात बघून माणूस ओळखायचीस. तोंडावर पदर असला तरी अंगठ्याचा सांधा दाबला की म्हणायचीस, "तू तर दोन-चारवाली. लेकराचा ताप उतरला का गं?" नावं तुझ्या तोंडी क्वचित यायची, बांगडीचं मापच यायचं. दोन-चारवाली, कडक हाताची, डाव्या हाताला मोठं लागणारी, अशा तुझ्या बायका.

मी तिसरीत गेले आणि तू एक चाळीस पानी वही आणलीस. म्हणालीस, "आता आपल्या घरात लिव्हणारं मानूस हाय. मापं लिवून ठिव." तू सांगायचीस, मी लिहायचे. गाव, बाईचं नाव, माप, आणि शेवटी चांदी. ज्या बाईच्या हातात पुढे पाटल्या आणि मागे गोठ, तिला काचेच्या बांगड्या कमी लागतात. म्हणून टोपली भरताना चांदीचं माहीत असावं लागतं. दुष्काळ पडला तशी चांदी मोडीत जाऊ लागली. फेरीवरून आलो की तू सांगायचीस, "हिच्या पाटल्या गेल्या गं," आणि मी ‘चांदी’वर रेघ मारायचे. हळूहळू सगळ्या पानावर रेघाच झाल्या, आणि ज्या थोड्या बायकांपुढे रेघ नव्हती त्या आपोआप उठून दिसू लागल्या. आता मला कळतं की तुला त्या वहीची गरजच नव्हती. वीस वर्षांची मापं तुझ्या बोटांत होती. वही माझ्यासाठी होती, शिकलेल्या पोरीचा घरात काही उपयोग आहे असं मला वाटावं म्हणून.

तो दिवस असा आहे. तू पाणी भरायला टँकरच्या रांगेत गेली आहेस. मी टोपलीपाशी वही मांडीवर घेऊन बसले आहे. तो मुकादम येतो, धोतर झटकून माझ्यासमोर उकिडवा बसतो.

"काय लिवलंय गं एवढं?"

"मापं."

"खरं? का नुसत्या रेघोट्या मारून राहिलीस?"

"खरंच लिवलंय. मी तिसरीत हाय."

"तिसरीतल्या लई पाहिल्या. वाच बरं."

मी वाचते. शाळेत वाचतात तसं, मोठ्याने, स्वल्पविरामाला थांबून. तो मान हलवत ऐकतो. "आन् ह्ये चांदी म्हंजी?" मी तेही समजावून सांगते. रेघ म्हणजे काय, तेही सांगते. मग मी पान उलटते आणि त्याने न विचारताच पुढचं वाचते.

त्यातल्या तिघी विहिरीतून वर काढल्या.

तो नांदेडला चांदी विकताना सापडला, आणि दोन दिवसांनी हवालदार आपल्या दारात आला. त्या माणसाने जबाबात ‘कासारणीकडून कळलं’ एवढंच सांगितलं होतं. तू चुलीपुढे होतीस. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. तेवढ्यात तुला सगळं कळलं, कारण माझा चेहरा कधीच काही लपवू शकला नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "म्याच सांगितलं, सायेब. बोलता बोलता निघून गेलं तोंडातून. बाईमानसाचं तोंड."

हवालदार म्हणाला, "वही हाय म्हणत्यात."

"मला कुठं लिव्हता येतंय? वही पोरीची, साळंची हाय."

खोटं नव्हतं ते, आणि खरंही नव्हतं. तू कागदावर अंगठा उठवलास. तो गेल्यावर तू वही चुलीत घातलीस आणि तिच्यावर भाकर भाजलीस. ती भाकर तू मला वाढलीस. मी खाल्ली.

त्यानंतर तुझ्यापुढे कुणी हात केला नाही. एका गावात म्हातारीने वेशीतच अडवलं. "तुझ्या हातची बांगडी म्हंजी मरणाचं आवतण. जा माघारी." तू टोपली डोक्यावर घेतलीस आणि वळलीस. दोन-चारवालीच्या लेकराने मागून खडा मारला, तो टोपलीत पडला आणि काच खळ्ळकन वाजली. मग आपण लातूरला आलो, आणि तू एका खाणावळीत भांडी घासू लागलीस. ज्या हातांनी नवरीचा चुडा एकही काच न तडकता चढवला, ते हात राखेने भेगाळले. हे पुस्तकात नाही. यावर अर्धं पान नाही.

मला तू एकदाच रागावलीस. इथल्या शाळेत नाव घातलं तेव्हा मी हटून बसले की मला लिहायचं नाही, वाचायचं नाही. तू राखेचा हात तसाच पुढे आणून म्हणालीस, "न्हाई म्हनतीस? मंग म्या त्या कागदाला अंगठा कशापाई लावला? ऊठ. दप्तर घे." मी उठले. तू दहावीचा निकाल बघायला थांबली नाहीस.

म्हणून सोमवारी सकाळी लेखक आले तेव्हा मी उठून उभी राहिले. नांदेडचे गृहस्थ, पांढरा सदरा, बोलायला गोड. मी पान पुढे केलं आणि म्हटलं, "सर, ही ओळ खोटी आहे."

मालक घाईने म्हणाले, "अहो ताई, मजकूर सरांचा. आपण वेलांट्या बघायच्या."

"असू द्या, असू द्या," लेखक हसले. "बाई, ही खबरी कासारीण लोकांना लई आवडली. तिच्यावर मला पत्रं येतात. आणि कागद आहे माझ्याकडे, तिचा स्वतःचा अंगठा आहे त्यावर."

"ती माझी आई."

यंत्रावरच्या माणसाने हात थांबवला. मग मी सांगितलं. वही, रेघा, कडुलिंब, सगळं. मला वाटलं होतं ते शरमतील. माय, त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "किती वर्षांच्या होतात तुम्ही? फ्रॉक होता की परकर? त्याने डोक्यावरून हात वगैरे फिरवला का? अहो, हे तर आणखी जबरदस्त आहे! राक्षसापुढे वाचून दाखवणारी चिमुरडी! मालक, एक पान वाढेल का?"

मी म्हणाले, "वाढवा. पण त्या पानावर त्या तिघींची नावं घाला. मला पाठ आहेत. गावासकट, मापासकट."

"मापं?" ते हसले. "बाई, बांगडीच्या मापात वाचकाला काय गोडी?"

"मिशीत आहे ना?"

मालक खोकले. मी म्हणाले, की त्यांना शिकार म्हणू नका. त्या कुणाच्या जाळ्यात सापडलेल्या हरिणी नव्हत्या, त्या कामावर चाललेल्या बाया होत्या. माझ्या आईने एका पोरीसाठी स्वतःच्या पोटावर पाय दिला, आणि तुम्ही त्या अंगठ्यावर पुस्तक विकता. हवं तर माझं नाव घाला, पण तिची ओळ काढा. छापखान्यातली नोकरी त्याच क्षणी गेली असं मी धरून चालले होते. मालकांनी चष्मा पुसला आणि लेखकांना म्हणाले, "सर, बाई वेलांटीसाठीसुद्धा खोटं बोलत नाहीत. काढा ती ओळ."

ओळ निघाली. पुष्कळ घासाघीस होऊन तिघींची नावं तळटीपेत आली, बारीक खिळ्याच्या अक्षरांत, मापाशिवाय. बाकी मिशी, ताठ चाल, भरलं अंग सगळं जागच्या जागी आहे. लोक तेच वाचतील. तू आता कासारीण आहेस, खबरी नाहीस, आणि एवढंच मी मिळवू शकले.

खबरीच्या जागी लेखकांनी नवं वाक्य लिहून दिलं: ‘कासारणीच्या लहान मुलीने अजाणतेपणी ती वही त्याला वाचून दाखवली.’ मालक समजुतीने म्हणाले, "बघा, किती जपून लिहिलंय तुमच्याबद्दल." शेवटचं मुद्रित माझ्याकडेच आलं. मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. त्या दिवशी टँकरकडे जाताना तू वळून मला म्हणाली होतीस, "वहीतलं कुनाला सांगायचं न्हाई हां. बायांची चांदी हाय ती." मी हो म्हटलं होतं. मला ते नीट समजलं होतं, आणि वाचताना माझ्या ध्यानातही होतं. लोकांच्या मजकुरात एक शब्द खोटा दिसला तर मी तो पार कोरून काढते. ‘अजाणतेपणी’वर मी पेन्सिल टेकवली, बराच वेळ टेकवून ठेवली, आणि समासात ‘बरोबर’ची खूण करून पान खाली पाठवलं.